तुरुंगातला त, टेबलातला ट

मराठीत ‘तुरुंग’ पोर्तुगिजांकडून आला आणि ‘टेबल’ इंग्रजांकडून. रोमन लिपीत दोन्ही मूळ शब्दांचं पहिलं अक्षर एकच आहे. तरी मराठी कानाने एकाला ‘त’च्या दारातून आत घेतलं आणि दुसऱ्याला ‘ट’च्या. मेस्त्री, फीत, काडतूस, पाद्री ही पोर्तुगीज मंडळी त-द घेऊन नांदली. डॉक्टर, टाय, ड्रायव्हर, स्टँड ही इंग्रजी मंडळी ट-ड घेऊन. नियम काटेकोर नाही. बटाटा पोर्तुगिजांचा असून ‘ट’ मिरवतो आणि तिकीट इंग्रजांचं असून सुरुवातीला ‘त’वर समाधान मानतं. पण एकंदर कल स्पष्ट आहे.

कारण जिभेच्या टोकाशी आहे. पोर्तुगीज माणूस हा वर्ण उच्चारताना जीभ दातांना टेकवतो, मराठी ‘त’सारखीच. इंग्रज ती दातांच्या मागे, हिरडीच्या उंचवट्याला टेकवतो. मराठीत तिथे कोणाचंच घर नाही. एक बिऱ्हाड दातांपाशी, दुसरं पार मागे टाळूकडे वळलेल्या जिभेपाशी. अधेमधे आलेल्या इंग्रज पाहुण्याची सोय मराठी कानाने ‘ट’कडे लावून दिली. तिकडे इंग्रजाची पंचाईत उलटी. त्याच्याकडे एकच खोली, तेव्हा ‘ताक’ आणि ‘टाक’ त्याला एकच वाटतात. प्यायचं कोणतं आणि लिहायचं कशाने, हे त्याने संदर्भावरूनच ओळखायचं.

हा बहिरेपणा जन्मजात नसतो. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतला हाच भेद ऐकवला. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईतो बहुतेकांना तो ऐकू येईनासा झाला. आईबापांच्या बोलण्यात जो भेद नाही, तो कानाने पहिल्या वाढदिवसाच्या आतच अडगळीत टाकला होता.

परक्याचं इंग्रजी कळतं का, कोणाचं कळतं आणि कोणाचं डोक्यावरून जातं, ही चर्चा नेहमी बोलणाऱ्याच्या जिभेवर घसरते. ऐकणाऱ्याच्या कानालाही इतिहास असतो. पश्चिम भारतातल्या कानाचा तर चांगला दोनशे वर्षांचा आहे.

त्याचे सर्वांत जुने पुरावे शब्दांत सापडतात. हापिस, ठेसन, बालिस्टर, पलटण, लाटसाहेब. हे शब्द ज्यांनी घडवले त्यांनी इंग्रजी स्पेलिंग कधी पाहिलेलं नव्हतं. साहेबाच्या, शिपायाच्या, स्टेशनवरच्या बाबूच्या तोंडून जे पडलं ते त्यांनी आपल्या वर्णांत बसवलं. ‘गॅसलाइट’चं ‘घासलेट’ झालं आणि दिव्याचं नाव तेलाला चिकटलं. हे ऐकून शिकलेलं इंग्रजी.

शाळेतलं इंग्रजी वेगळ्या वाटेने आलं, डोळ्यांच्या. ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ ही घोकंपट्टी करणाऱ्या मुलाला शब्द आधी अक्षरांच्या माळेतून भेटत असे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या पिढ्यांना इंग्रजी वाक्य मराठीत आणि मराठी वाक्य इंग्रजीत फिरवता येई. गोऱ्या माणसाच्या तोंडचं अखंड वाक्य त्यातल्या पुष्कळांनी आयुष्यात ऐकलेलं नसे. बुधवारचं स्पेलिंग चुकू नये म्हणून ‘वेड-नेस-डे’ असं म्हणायची युक्ती आजही घरोघरी चालते. ‘डॉक्टर’, ‘मोटार’, ‘पार्क’ यांतला ‘र’ मराठी माणूस ठसठशीत म्हणतो, कारण तो कागदावर दिसतो. लंडनच्या प्रतिष्ठित बोलीतून तो केव्हाच गळून गेला होता.

डोळ्याने शिकलेल्या या इंग्रजीसाठी देवनागरीला थोडी डागडुजीही करावी लागली. ‘बॅट’ आणि ‘बॉल’मधले स्वर लिहिता यावेत म्हणून मराठीने डोक्यावर चंद्र चढवला. ॲ आणि ऑ ही अक्षरं व्यवहारात कधीची रुळली होती. महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या निर्णयाने ती वर्णमालेतही अधिकृतपणे आली. पेन आणि पॅन, हेड आणि हॅड यांतला भेद मराठी कानाला ऐकू येतो आणि हाताला लिहिता येतो. मात्र इंग्रजीतले दोन वेगळे ‘व’ मराठीच्या एकाच ‘व’मध्ये विरघळले. बनियनच्या अर्थाचा ‘वेस्ट’ आणि पश्चिमेच्या अर्थाचा ‘वेस्ट’ मराठीत लिहायला एक, म्हणायला एक आणि ऐकायलाही एक.

पण मुंबईच्या शाळांत हे इंग्रजी शिकवत होतं कोण?

‘साहेबाचं इंग्रजी’ म्हटलं की लंडनचा कोणी साहेब डोळ्यांपुढे येतो. जॉन विल्सन लंडनचा नव्हता. त्याचा जन्म १८०४ सालचा, स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या लॉडर गावातला. १८२९ मध्ये तो मुंबईत उतरला आणि १८३२ मध्ये त्याने आंबरोळीत इंग्रजी शाळा काढली. तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. स्कॉटिश मिशनऱ्यांनी मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शिक्षणात पुढची कित्येक दशकं मोठा वाटा उचलला. स्कॉटिश इंग्रजीत ‘र’ गिळत नाहीत. ‘गेट’ आणि ‘बोट’ यांतले स्वर तिथे सरळ, एकजिनसी असतात. लंडनकर ते वळवून ‘गेइट’, ‘बोउट’ असे काहीसे म्हणतो. मराठी माणसाचे गेट, बोट, केक, कोट कोणाच्या जवळचे आहेत हे सांगायला ध्वनिशास्त्रज्ञ नको. अर्थात हे सारं स्कॉटिश शिक्षकांमुळे झालं असं म्हणणं धाडसाचं ठरेल. मराठीतले ए आणि ओ मुळातच सरळ आहेत. एवढं खरं की त्या वर्गात शिक्षकाचा कान आणि विद्यार्थ्याची जीभ यांत फार भांडण होण्यासारखं काही नव्हतं.

धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजची गोष्ट आणखी गमतीची. १८६९ मध्ये ते सुरू केलं जर्मन जेझुइटांनी. पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट शाळेमागेही हीच जर्मन मंडळी होती. इंग्रजी साहित्याचे धडे घ्यायला आलेल्या मुलांपुढे उभे असत ते इंग्रजी स्वतः शिकून आलेले लोक. पहिल्या महायुद्धात हे जर्मन पाद्री एकाएकी शत्रूदेशाचे नागरिक ठरले. त्यांना नजरकैदेत टाकलं, मायदेशी धाडलं आणि युद्धानंतर त्यांच्या जागी स्पॅनिश जेझुइट आले. बार्सिलोनाचे फादर हेन्री हेरास १९२२ मध्ये मुंबईत आले ते झेवियर्समध्ये इतिहास शिकवायला. म्हणजे दोन पिढ्यांच्या मुंबईकरांनी उच्च शिक्षणाचं इंग्रजी ऐकलं ते आधी जर्मन वळणाचं आणि मग स्पॅनिश. त्या पदवीधरांचं कुठे अडल्याचं ऐकिवात नाही.

तिकडे लंडनमध्ये मात्र एका उच्चाराची राजगादी उभी राहत होती. युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवणाऱ्या डॅनियल जोन्सने १९१७ मध्ये इंग्रजी उच्चारांचा कोश काढला आणि त्याला नमुना म्हणून निवडलं दक्षिण इंग्लंडातल्या त्या घरांचं बोलणं, ज्यांची मुलं महागड्या निवासी शाळांत जात. १९२६ मध्ये जोन्सने त्याला ‘रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन’ हे नाव पसंत केलं. मान्यवरांत मान्य झालेला उच्चार, असा त्याचा मतलब. इंग्लंडातही तो फार थोड्यांचा होता.

त्याच १९२६ साली बीबीसीने निवेदकांनी कसं बोलावं हे ठरवायला एक सल्लागार समिती नेमली. बीबीसीचा कारभारी जॉन रीथ स्कॉटिश. समितीचा चिटणीस आर्थर लॉइड जेम्स वेल्सचा. कवी रॉबर्ट ब्रिजेसनंतर १९३० मध्ये अध्यक्ष झालेला जॉर्ज बर्नार्ड शॉ डब्लिनचा. जगाला अस्सल इंग्रजी ऐकवायची जबाबदारी घेतलेल्या या घरात कर्ते पुरुष असे तीन दिशांचे होते. आणि तरी सवयीचा जोर असा, की १९४१ मध्ये यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्सने राष्ट्रीय बातम्या आपल्या उत्तरेकडच्या वळणाने वाचल्या तेव्हा तक्रारींचा पाऊस पडला. अशा तोंडून आलेल्या बातमीवर विश्वास बसत नाही, असं श्रोत्यांचं म्हणणं. तक्रार करणारे इंग्रज, वाचणाराही इंग्रज.

हे प्रकरण मराठी प्रेक्षकाला परकं वाटायचं कारण नाही. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिलं आणि १९७५ मध्ये भक्ती बर्वे यांची मंजुळा रंगमंचावर आली, तेव्हा लंडनच्या बोलींचा झगडा पुलंना भाषांतरित करावा लागला नाही. शुद्ध-अशुद्धाचं रणांगण मराठीत तयारच होतं. उच्चारावरून माणसाची पायरी ठरवायला महाराष्ट्राने साहेबाकडे शिकवणी लावलेली नव्हती.

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं आणि इंग्रजी प्रथमच शाळेच्या भिंतीबाहेर, कागदाशिवाय, घरात आलं. बातम्यांनी कानाला सोज्वळ इंग्रजीची ओळख करून दिली. खरी तालीम दिली ती क्रिकेटने. १९३०च्या दशकात बॉबी तल्यारखान यांनी मुंबईच्या चौरंगी आणि मग पंचरंगी सामन्यांचं धावतं वर्णन सुरू केलं. पारशी वळणाचं, घसघशीत, दिवसभर एकहाती चालणारं. पुढे लघुलहरींवर बीबीसी आली, ऑस्ट्रेलियाचं रेडिओ केंद्र आलं. भारताचा संघ तिकडे गेला की दादर-डोंबिवलीच्या चाळींत पहाटे अंधारात ट्रान्झिस्टर कुरकुरायचा. खरखरीत बुडालेला समालोचक ॲलन मॅकगिल्व्हरेचा आवाज, त्यात आठाच्या ‘एट’चं ‘आइट’, आणि कान लावून बसलेला एखादा कारकून, ज्याने ऑस्ट्रेलियन माणूस कधी समोर पाहिला नव्हता. पहिल्या षटकात त्याला फक्त नावं कळायची. उपाहारापर्यंत धावा, बळी आणि क्षेत्ररचना सगळं कळू लागायचं.

यात जादू नव्हती. त्याला खेळ ठाऊक होता, पुढचा शब्द कोणता असू शकतो याची यादी त्याच्या डोक्यात तयार होती, आणि तोच आवाज तासन्‌तास कानावर पडत होता. केबल टीव्हीच्या काळात समालोचकांच्या आवाजांची यादीही वाढत गेली. यॉर्कशायरचा जेफ्री बॉयकॉट, जमैकाचा मायकेल होल्डिंग, बार्बाडोसचा टोनी कोझियर, दक्षिण आफ्रिकेत वाढलेला टोनी ग्रेग. इंग्रजी संभाषणाचा क्लास न लावलेल्या माणसाने इतक्या वळणांचं इंग्रजी घरबसल्या पचवलं.

या इंग्रजीचं शास्त्रशुद्ध मोजमाप केलं ते हैदराबादच्या एका अभ्यासकाने. १९५८ मध्ये तिथे इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था स्थापन झाली, जी आज इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी म्हणून ओळखली जाते. तिथले ध्वनिशास्त्रज्ञ आर. के. बन्सल यांनी वेगवेगळ्या प्रांतांतल्या सुशिक्षित भारतीयांचं इंग्रजी ध्वनिमुद्रित करून ब्रिटिश श्रोत्यांना ऐकवलं आणि त्यांना किती कळलं ते मोजलं. १९६९ मध्ये संस्थेने ते पुस्तकरूपाने छापलं. सरासरी सुमारे ७० टक्के. एखाद्या वक्त्याचं ९५ टक्के कळलं, एखाद्याचं ५३ टक्क्यांवर अडलं. भारतीयांना एकमेकांचं किती कळतं हेही त्यांनी तपासलं. तो आकडा साधारण ७४ निघाला. म्हणजे तमिळ माणसाचं इंग्रजी पंजाब्याला जितकं कळत होतं, त्याहून फारसं कमी ते इंग्रजाला कळत नव्हतं.

अडत होतं कुठे? लोकांना वाटे त-ट, व, थ यांत. बन्सल यांच्या हाती मोठं कारण लागलं ते आघाताचं. इंग्रज शब्द ओळखतो तो अक्षरांपेक्षा त्यातल्या वजनावरून. ‘हॉटेल’ म्हणताना मराठी माणसाचा भार पहिल्या अक्षरावर पडतो किंवा दोन्हींवर सारखा वाटला जातो. इंग्रज शेवटच्या अक्षरावर वजन पडायची वाट पाहत असतो. ते पडत नाही आणि शब्द हातातून निसटतो. ‘डेव्हलप’, ‘कमिटी’, ‘इव्हेंट’ यांची हीच गत. दुसरी अडचण हवेच्या झोताची. इंग्रज शब्दारंभीचा ‘प’ किंचित फुंकर घालून म्हणतो. भारतीय ती घालत नाही, कारण फुंकर घातली की त्याच्या लेखी तो वेगळाच वर्ण होतो. मग भारतीयाचा ‘पॅक’ इंग्रजाला कधी ‘बॅक’ ऐकू येतो.

बन्सल यांची मोजणी चालू होती त्या सुमारास अमेरिकेत वाद पेटला होता. क्लिफर्ड प्रेटर या अमेरिकी अध्यापनतज्ज्ञाने १९६८ मध्ये लिहिलं की देशोदेशींच्या स्थानिक इंग्रजीला मान्यता देणं हा ब्रिटिशांनी केलेला पाखंडीपणा आहे. भारतीय इंग्रजी त्याच्या रोखाच्या टोकावर होतं. १९७६ मध्ये उत्तर दिलं ते श्रीनगरात जन्मलेल्या आणि इलिनॉय विद्यापीठात शिकवणाऱ्या ब्रज काचरू यांनी. भारतीय माणूस इंग्रजी बोलतो ते बहुतांशी दुसऱ्या भारतीयाशी. मग ते कळलं की नाही हे परीक्षायला तिसराच का बसवायचा, असा त्यांचा रोख होता.

वाद विचारांचा होता, त्याला आकडे मिळाले होनोलुलूत. तिथल्या ईस्ट-वेस्ट सेंटरमधल्या लॅरी स्मिथ आणि खलिलुल्ला रफिकझाद यांनी नऊ देशांतल्या सुशिक्षित वक्त्यांची भाषणं ध्वनिमुद्रित केली. भारत, नेपाळ, श्रीलंका, जपान, कोरिया, मलेशिया, फिलिपिन्स, हाँगकाँग आणि अमेरिका. ती ऐकवली आशियातल्या अकरा देशांतल्या १३८६ श्रोत्यांना. १९७९ मध्ये निकाल छापून आला. जन्माने इंग्रजी बोलणारा अमेरिकी वक्ता यादीच्या तळाशी असलेल्यांत होता. त्याचं सरासरी निम्म्याहून थोडंच जास्त कळलं. प्रेटरने ज्याला मोडीत काढलं होतं तो भारतीय वक्ता वरच्या रांगेत होता. इंग्रजी ज्याची मातृभाषा त्याचं बोलणं सगळ्यांना सर्वांत सोपं जाणार, हे तोवर फारसं कोणी तपासून पाहिलं नव्हतं.

पुढच्या काळात प्रयोगशाळांनी हा गुंता धाग्याधाग्याने सोडवला. कॅनडात मरे मनरो आणि ट्रेसी डरविंग यांनी १९९५ मध्ये चिनी भाषकांचं इंग्रजी ऐकवून श्रोत्यांना दोन कामं दिली: ऐकलेलं लिहून काढा आणि उच्चार किती परका वाटतो याला गुण द्या. ‘फारच परका’ असा शेरा मिळालेली कित्येक वाक्यं त्याच श्रोत्यांनी शब्दन्‌शब्द बरोबर लिहून काढली होती. परकं वाटणं आणि न कळणं या दोन गोष्टी निराळ्या निघाल्या. २००३ मध्ये टेसा बेंट आणि ॲन ब्रॅडलो यांना नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात दिसलं की शिकाऊ श्रोत्याला आपल्याच मातृभाषेच्या, चांगलं इंग्रजी येणाऱ्या माणसाचं बोलणं अमेरिकी माणसाइतकंच कळतं. आणि २००४ मध्ये कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी दाखवलं की अमेरिकी श्रोत्याला परक्या वळणाची ओळख व्हायला मिनिटभरही पुरतं. सुरुवातीला अडखळणारा कान काही वाक्यांतच वेग पकडतो. ट्रान्झिस्टरपुढच्या कारकुनाने हे उपाहारापर्यंत केलं होतं, तेही खरखरीत.

या सगळ्यांत चटका लावणारा प्रयोग डोनाल्ड रुबिनचा, १९९२ सालचा, जॉर्जिया विद्यापीठातला. त्याने ओहायोतल्या एका अमेरिकी बाईच्या आवाजात चार मिनिटांचं व्याख्यान मुद्रित केलं. तेच व्याख्यान ऐकताना काही विद्यार्थ्यांना पडद्यावर गोऱ्या बाईचं छायाचित्र दाखवलं, काहींना चिनी चेहऱ्याच्या बाईचं. आवाज तोच, शब्द तेच. चिनी चेहरा पाहिलेल्यांना परका उच्चार ऐकू आला, आणि व्याख्यानानंतरच्या चाचणीत त्यांना कळलंही कमी होतं.

शिकणारे स्वतःच्या उच्चाराला कसा कौल देतात? व्हिएन्नात १९९७ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या ऑस्ट्रियन विद्यार्थ्यांना विचारलं गेलं, तर त्यांनी ब्रिटिश आणि अमेरिकी उच्चाराला वर आणि स्वतःच्या देशबांधवांच्या इंग्रजीला तळाला बसवलं. कानाला जे सोपं तेच मनाला कमअस्सल. हा अनुभव पुण्याच्या कुठल्याही इंग्रजी संभाषणाच्या वर्गात मिळतो.

आणि मग या कमअस्सलपणावर एक उद्योगच उभा राहिला. १९९६ मध्ये ब्रिटिश एअरवेजने आपलं मागच्या खोलीतलं काम मुंबईत हलवलं. त्यातूनच पुढे डब्ल्यूएनएस ही कंपनी झाली. जनरल इलेक्ट्रिकने दिल्लीजवळ गुडगावात तंबू ठोकला. दोन हजार सालाच्या आगेमागे मालाड, पवई, येरवडा, हिंजवडी इथे रात्री कॉल सेंटरांचे दिवे जळू लागले आणि ‘व्हॉइस अँड ॲक्सेंट ट्रेनर’ ही नवी जात जन्माला आली.

फ्लोअरवरच्या बोलीत दोषाचं नाव ‘एमटीआय’. मदर टंग इन्फ्लुअन्स, मातृभाषेचा प्रभाव. “तुझा एमटीआय फार आहे” हे वाक्य जळगावहून किंवा लातूरहून आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात ऐकावं लागे. उपचार ठरलेले. ओठ दाताखाली धरून एक ‘व’, ओठांचा चंबू करून दुसरा. तळहात तोंडापुढे धरून ‘पेपर’ म्हणायचं. फुंकर लागली तर पास. टेबलावर बोट आपटत ‘होटेल’, ‘डेव्हलप’. बन्सल यांनी तीस वर्षांपूर्वी दाखवलेल्या जागांवरच ही मलमपट्टी चालली होती, ट्रेनरला त्यांचं नावही माहीत नसताना.

पण बोलणं निम्मंच. ऐकण्याचं प्रशिक्षण अधिक अवघड होतं. अमेरिकी प्रोसेसवाल्यांना, म्हणजे अमेरिकेचे कॉल घेणाऱ्यांना, ‘फ्रेंड्स’ मालिकेचे भाग दाखवत. यूके प्रोसेसवाल्यांच्या नशिबी ग्लासगो आणि न्यूकॅसल. जुने कॉल लावायचे, थांबवायचे, ऐकलं ते लिहायचं, पुन्हा लावायचं. नेस्टिंगच्या दिवसांत, म्हणजे बॅच प्रशिक्षणातून खऱ्या कॉलवर जाते तेव्हा, नवख्या मुलाला शब्द कळायचा नाही आणि पुन्हा विचारायची भीती वाटायची. कारण पुन्हा विचारलं की गिऱ्हाईक चिडतं आणि कॉल लांबला की कामगिरीचा आकडा बिघडतो. सराईत मुलं मग पत्त्याचा पिनकोड आधी मागून घेत. गाव कळलं की निम्मा उच्चार आपोआप कळतो.

काही वर्षांनी नकली अमेरिकी वळणाचं वेड ओसरलं आणि कंपन्या ‘न्यूट्रल ॲक्सेंट’ म्हणू लागल्या. कुठल्याच गावचा नसलेला उच्चार कोणी ऐकलेला नाही. प्रत्यक्षात त्याचा अर्थ हळू बोला, आघात सांभाळा, शब्द गिळू नका, एवढाच होता.

परीक्षांनीही कान थोडा रुंद केला. जपानी कंपन्यांसाठी १९७९ मध्ये सुरू झालेल्या टोइक परीक्षेत २००६ पासून अमेरिकीबरोबर ब्रिटिश, कॅनडियन आणि ऑस्ट्रेलियन आवाज आले. परदेशी शिकायला निघालेली नाशिक-कोल्हापूरची मुलं आयईएलटीएसच्या तयारीत ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या आवाजांना घाबरतात. ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते, दुसरी संधी नाही. मग तिकडे पोचल्यावर प्रयोगशाळेत शेजारी बसतो तो कोरियाचा, वसतिगृहात स्वयंपाक करतो तो नायजेरियाचा आणि शिकवायला येतात ते इराणचे. त्यांच्या इंग्रजीची फीत कुठल्याच सराव-संचात नव्हती.

आता ऐकण्याबोलण्याच्या मधोमध यंत्र आलं आहे. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने निघालेल्या सानस या कंपनीचं सॉफ्टवेअर बोलणाऱ्याचा उच्चार बोलता बोलताच बदलून पलीकडे पोचवतं. २०२५ मध्ये टेलिपरफॉर्मन्स या फ्रेंच कंपनीने आपल्या भारतातल्या कॉल सेंटरांत ते वापरत असल्याचं सांगितलं. लातूरच्या मुलाने आपल्या नेहमीच्या ‘ट’ने वाक्य म्हणायचं, अमेरिकेत ते हिरडीवरच्या ‘ट’ने उतरतं. तळहात तोंडापुढे धरायची गरज नाही.

उलट्या दिशेची व्यवस्था मात्र बहुतेक ठिकाणी जुनीच आहे. मालाडच्या यूके प्रोसेसवर रात्री एखादी आजीबाई ग्लासगोहून फोन करते, ‘र’ खडखडवत, ‘बोट’मधला ‘ओ’ सरळ ठेवत, आपलं बिल का वाढलं ते सांगते. हेडफोनमध्ये ते जसंच्या तसं येतं. पलीकडचा मुलगा डोळे मिटून ऐकतो, पिनकोड विचारतो, आणि दुसऱ्या मिनिटाला त्याला तिचं बोलणं लागू लागतं. आंबरोळीतल्या शाळेत १८३२ मध्ये बसलेल्या मुलांनीही सुरुवात अशाच एका ‘र’पासून केली होती.